नर्सच्या नावाचा फोन

१

सकाळचा चहा अजून निवला नव्हता, तोच नर्सचे वडील वसतिगृहाच्या जेवणघरात येऊन उभे राहिले. हातात मोठी बॅग होती आणि ती रिकामी होती. लेकीला भेटायला येणारा बाप भरलेली पिशवी घेऊन येतो. रिकामी बॅग घेऊन आलेला बाप कशासाठी आलाय, ते तिथे बसलेल्या प्रत्येकीला बघताक्षणी कळलं आणि हातातले कप हातातच राहिले.

"सामान भर," ते म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीने निघायचंय."

नर्स गणवेश चढवून कामावर निघाली होती. "बाबा, झालं काय?"

वडिलांनी उत्तराऐवजी फोनच पुढे केला. अनोळखी नंबरवरून मेसेज आलेला होता. नर्सने तो वाचला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या खांद्यावरून फौजदारणीनेही वाचला.

‘तुमची मुलगी प्रसूतिगृहाच्या वेबसाइटवर वारंवार असते. रविवारी दुपारी बराच वेळ होती. वेळीच लक्ष घाला. एक हितचिंतक.’

फौजदारीण काही पोलिसात नव्हती. एका मालवाहतूक कंपनीत ती नेटवर्क सांभाळायची. वरच्या मजल्यावरचा एक साबण नाहीसा झाला, तेव्हा तिने सगळ्या मजल्याची उलटतपासणी घेतली होती. साबण मिळाला आणि हे नावही तिला चिकटलं, ते कायमचं.

"काका, आधी बसा तरी," ती म्हणाली.

"मला बसायचं नाही. लग्न व्हायचंय पोरीचं. चारचौघांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही हिने." त्यांनी लेकीपुढे हात पसरला. "फोन दे इकडे." नर्सने दिला. त्यांनी तो बंद करून शर्टाच्या खिशात कोंबला. ते शिंपी होते, खिशात आधीच मोजपट्टीची गुंडाळी होती, तिच्या शेजारी तो कसाबसा मावला.

तेवढ्यात वॉर्डनबाई आल्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात तो जुनापुराणा बटणांचा फोन. एरवी त्यांचा आवाज गच्चीपर्यंत पोचायचा. आज त्या हळू बोलल्या. "असं कोणी कोणाला घेऊन जात नाही. निर्णय समितीचा असतो. शनिवारी सेक्रेटरीसाहेब सभा घेतील. तोवर तुम्ही समोरच्या लॉजवर थांबा."

हे बोलताना त्यांनी नर्सकडे एकदाही बघितलं नाही. फौजदारणीने ते बघितलं.

२

"एकदा घरी गेले की मला परत कोण सोडणार आहे?" खोलीत आल्यावर नर्स म्हणाली. "पुढच्या महिन्यात कायम करणार होते मला. आता मशीनला दोरा ओवत बसायचं, आणि येईल त्या स्थळाला हो म्हणायचं."

तिची खोलीसोबतीण कॅशिअर पलंगावर पाय मुडपून बसली होती. दोघींचं खिडकीवरून हाडवैर होतं. एकीला वारा हवा, दुसरीला धूळ नको. आज मात्र खिडकी अर्धी उघडी होती, तेव्हा तह झाला असावा.

"तू उघडली होतीस ती साइट?" फौजदारणीने विचारलं.

"नाही." नर्सने मान वर केली. "आणि उघडली असती तरी?"

"तर तू उघडली असतीस, एवढंच. मी तुझ्याच बाजूने उभी राहिले असते. ह्या हितचिंतकाची मानगूट धरायची म्हणून विचारतेय." फौजदारणीच्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती. "रविवारी दुपारी कुठे होतीस?"

"कामावर. ह्या बाईला विचार, डबा विसरले म्हणून हिनेच आणून दिला."

"बाबा म्हणतील, कामावरूनही बघता येतं," कॅशिअर म्हणाली.

"येतं ना. पण ते बघितलेलं दुसऱ्याला कुठून दिसणार? मेसेज नीट आठव. साइटचं नाव आहे, वेळ आहे. ती तिथे काय वाचत होती, ह्याबद्दल अवाक्षर नाही. खांद्यावरून डोकावणाऱ्याला पान दिसलं असतं. ह्या माणसाला फक्त दारावरची पाटी दिसली. असं कुठून दिसतं माहितेय? ऑफिसातल्या त्या इंटरनेटच्या डब्यातून. आपल्या सगळ्यांचे फोन त्याच डब्यातून बाहेर जातात. आत काय लिहिलं-वाचलं ते बंद पाकिटात असतं, पण पाकिटावरचा पत्ता उघडा राहतो. आणि डबा आपल्या वसतिगृहाचा आहे, हिच्या रुग्णालयाचा नाही."

कॅशिअरचे मुडपलेले पाय खाली आले. "म्हणजे माझेही पत्ते दिसतात?"

"सगळ्यांचे."

कॅशिअरने हातातला फोन उशीखाली सारला. गेल्या वर्षभरात आपण काय काय शोधलं, ते तिला एकेक करून आठवत असणार. कोणालाही आठवेल.

"तुझ्या फोनचं नाव काय?" फौजदारणीने नर्सला विचारलं.

"फोनला नाव असतं? नव्या फोनला मी काहीच नाव दिलेलं नाही." मग तिला आठवलं. "जुन्याला दिलं होतं. वॉर्डात सगळ्यांचे फोन एकाच टेबलावर चार्जिंगला असतात, म्हणून ‘नर्स’ टाकलं होतं." ही तिची सवयच होती. वस्तूंची अदलाबदल होऊ नये म्हणून पेला, कात्री, छत्री, जे जे म्हणून तिचं, त्यावर तिने जांभळ्या नेलपेंटचा ठिपका दिलेला असे.

"जुना फोन कुठाय?"

"दिला."

"कोणाला?"

नर्सने नखं बघायला सुरुवात केली.

"अगं, कोणाला?"

"ते नाही सांगणार. कोणाला कळू देणार नाही म्हणून शब्द दिलाय."

"तुझी नोकरी जातेय, बाई!"

"जाऊ दे. शब्द दिलाय म्हणजे दिलाय."

३

इंटरनेटवाला ऑफिसात शिडीवर चढून भिंतीवरच्या डब्याची वायर खोचत होता. डब्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. खाली टेबलाशी वॉर्डनबाई पावत्यांवर शिक्के मारत बसल्या होत्या.

"ह्या डब्यात कोण काय बघतं ते दिसतं, हो ना?" फौजदारणीने शिडीखालूनच तोफ डागली.

"मॅडम, तुम्ही त्याच लाइनमधल्या. तुम्हाला मी काय सांगू?"

"तू बघतोस?"

"मला कामं नाहीत? पाच गल्ल्यांत डबे आहेत माझे." तो दोन पायऱ्या खाली आला. "आणि बघून करू काय? नाव असतं एकाचं, फोन वापरतो दुसराच. माझ्या घरचा टीव्ही अजून मेहुण्याच्या नावाने दिसतो. मेहुणा परदेशी जाऊन जमाना झाला."

"मग दुसरं कोणी बघत असेल."

त्याने वायर गुंडाळली. "एकाने सांगितलं, फोनवर दिसेल असं करून दे, मुलींच्या सुरक्षिततेसाठी आहे. दिलं करून. नाव विचारू नका, कंत्राट जाईल माझं."

"करून देताना लाज नाही वाटली?"

"वाटली थोडी," तो म्हणाला आणि शिडी उचलून निघाला.

वॉर्डनबाईंचा शिक्का हवेतच थांबला होता. "सगळं दिसतं?" त्यांनी विचारलं. "कोण, कुठे, केव्हा?"

"फोनचं नाव आणि साइटचं नाव."

"अस्सं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कोऱ्या कागदावर शिक्का मारला.

फौजदारीण वळली, तेव्हा टेबलाच्या कडेला भिंतीत खोचलेला चार्जर तिला दिसला. चपटा, नव्या धर्तीच्या फोनचा. वॉर्डनबाईंच्या बटणांच्या फोनला तर बारीक, गोल पिन लागायची. आणि ह्या चार्जरच्या पाठीवर जांभळा ठिपका होता.

प्रश्न तिच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो गिळला, आणि दार ओढून घेऊन बाहेर पडली.

४

संशयित मोजायला एका हाताचीही बोटं जास्त होती. कॅशिअरने रविवारी स्वतः डबा पोचवलेला, रविवारचा दाखला देणारा मेसेज ती कशी करेल? इंटरनेटवाल्याला पक्कं ठाऊक होतं, की नाव म्हणजे माणूस नाही. आणि ज्याच्या हातात तो जुना फोन होता, तो स्वतःचीच चुगली कशाला करेल? उरला तो असा कोणीतरी, ज्याने पडद्यावर ‘नर्स’ वाचलं आणि डोळे झाकून विश्वास ठेवला. शिवाय त्याच्याकडे नर्सच्या वडिलांचा नंबर होता. प्रवेशाच्या वेळी मुलींच्या वडिलांना समोर बसवून, मान डोलावत, ‘काळजी करू नका, इथे आमची नजर असते’ असं सांगणारा इथे एकच माणूस होता.

पण असेल म्हणणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं.

"मला तुझं नाव एका दिवसासाठी उसनं दे," तिने कॅशिअरला सांगितलं.

"आणि त्याचं करणार काय?"

"वाट लावणार."

कॅशिअरने खिडकीकडे बघितलं, मग नर्सच्या रिकाम्या पलंगाकडे. "घे," ती म्हणाली.

फौजदारणीने आपल्या फोनचं नाव बदलून ‘कॅशिअर’ केलं आणि पाठीला पंख बांधून डोंगरकड्यावरून उडायला शिकवणाऱ्या एका संस्थेची साइट उघडून ठेवली. दुपारी उघडली, संध्याकाळी उघडली, सकाळी दात घासतानाही उघडली. कॅशिअरला ह्यातलं काहीएक सुचणं शक्य नव्हतं. तिला गच्चीवर कपडे वाळत घालतानासुद्धा भोवळ यायची, म्हणून ती सगळं खोलीतच वाळवायची. खिडकीचं भांडण मुळात तिथूनच सुरू झालं होतं.

सेक्रेटरीसाहेब रोज सकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून फुकटचं वर्तमानपत्र वाचायचे. पांढरे कपडे, पांढरे केस आणि आवाजात कायम साखर. शुक्रवारी कॅशिअर बँकेत जायला निघाली तशी त्यांनी तिला हाक मारली. फौजदारीण दाराआड बुटाची नाडी बांधत होती. ती नाडी बराच वेळ बांधली जात होती.

"ये बेटा. रागावणार नाही मी. बँकेतली नोकरी आहे, घरी आई आहे. हवेत उड्या मारायचं खूळ बरं नव्हे."

"उड्या?" कॅशिअर म्हणाली.

"आम्हाला सगळं कळतं," साहेब प्रेमाने हसले. "आमची नजर असते."

कॅशिअर संध्याकाळी परतली, तरी तिचा राग उतरलेला नव्हता. "सापडला! उद्याच्या सभेत सांगून टाक सगळ्यांना. चांगली फजिती होऊ दे."

"मी सांगितलं, की तो म्हणेल, ठीक आहे, मी बघतो. काळजीपोटी बघतो. पण मग तो फोन कोणाचा, ते सांगा." फौजदारणीने कपाळ चोळलं. "ते मला माहीत आहे. आणि सांगायचा हक्क मला नाही. सांगितलं, तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"मग नर्सला जाऊ द्यायचं?"

"छे!" फौजदारीण उठली. "चल माझ्याबरोबर. प्रत्येक खोलीत जायचंय."

५

शनिवारी जेवणघरातली टेबलं भिंतीला लावली होती. सेक्रेटरीसाहेब मधल्या खुर्चीत बसले होते, वॉर्डनबाई त्यांच्या उजव्या हाताला. नर्सचे वडील पायाशी ती रिकामी बॅग घेऊन बसले होते. बाकी सगळ्याजणी दाटीवाटीने उभ्या. मांडीवर पर्स घट्ट धरून, नर्स एकटीच स्टुलावर बसली होती.

"हा नाजूक विषय आहे," साहेबांनी सुरुवात केली. "कोणाची बदनामी व्हावी अशी आमची इच्छा नाही. मुलीने घरी जावं, हेच तिच्या भल्याचं."

"साहेब," फौजदारीण म्हणाली, "मेसेज तुम्ही केलात."

कुजबुज झाली. साहेबांच्या आवाजातली साखर थोडी कमी झाली. "पुरावा?"

कॅशिअर पुढे आली. "काल तुम्ही मला म्हणालात, हवेत उड्या मारू नकोस. मी ती साइट जन्मात बघितलेली नाही. ती हिने बघितली, स्वतःच्या फोनवर. फोनला फक्त माझं नाव दिलं होतं. तुम्ही डब्यात डोकावून माझं नाव वाचलंत, आणि मला बोललात!"

साहेब क्षणभर गडबडले, पण मुरलेला माणूस होता. "बरं, बघतो मी. तुमच्या आईबापांनी तुम्हाला आमच्या भरवशावर ठेवलंय. ह्यात चोरी कसली?" त्यांनी खिशातून फोन काढला. "उगाच नाटकं नकोत. ही बघा, आत्ता इथे असलेल्या प्रत्येकीची..."

ते मधेच अडले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. अंगठ्याने पडदा सरकवला, आणखी सरकवला.

"वाचा ना, मोठ्याने वाचा," फौजदारीण म्हणाली.

पडद्यावर रोमन अक्षरांत एक नाव होतं. त्याखाली तेच नाव. त्याखाली पुन्हा तेच. वसतिगृहातल्या झाडून सगळ्या फोनांनी काल रात्रीच्या जेवणाआधी एकच नाव धारण केलं होतं: ‘तुम्हाला काय करायचंय’.

मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि मग कोणालाच हसू आवरेना.

"साइटही दिसणार नाहीत," फौजदारीण म्हणाली. "पाकिटावरचा पत्तासुद्धा आता झाकलाय आम्ही. फोनमध्ये सोय असते तशी. काल प्रत्येकीला शिकवलीय."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. अंगठा वेगाने सरकत राहिला, आणि एकदम थांबला. त्यांना काहीतरी सापडलं होतं.

"हे काय मग?" ते जवळजवळ ओरडलेच. "‘नर्स’! हिने बदलायचं राहून गेलं वाटतं. आणि खाली प्रसूतिगृह! आज सकाळीच! बघा, बघा तुम्ही, वडील आहात तुम्ही!" त्यांनी फोन नर्सच्या वडिलांच्या नाकासमोर धरला.

हसू विझलं. वडिलांनी पडद्याकडे बघितलं. मग सावकाश आपल्या शर्टाच्या खिशात हात घातला, मोजपट्टी बाजूला केली, आणि लेकीचा फोन बाहेर काढला. तो गुरुवारपासून बंद होता.

ते बराच वेळ दोन्ही फोनांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"मी सदरे शिवतो," ते शेवटी म्हणाले. "प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरीत माझ्या दुकानाचं नाव असतं. उद्या त्या सदऱ्यात एखादा चोर पकडला, तर पोलीस माझ्या दारात येणार का?" त्यांचा आवाज चढला. "आणि मी एवढा शहाणा, पोरीला एका शब्दाने न विचारता बॅग घेऊन आलो!"

नर्सने डोळे पुसले आणि हात पुढे केला. वडिलांनी फोन त्या हातावर ठेवला.

"मग हा फोन कोणाचा?" साहेब उभे राहिले. "हे मात्र कळलंच पाहिजे. आत्ताच्या आत्ता खोल्या तपासू. कोण ती बया?"

नर्स फौजदारणीकडे बघत होती. फौजदारीण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. दोघींचीही तोंडं शिवल्यासारखी बंद होती, आणि ती उघडण्याची काही चिन्हं नव्हती.

"सांगत नाही म्हणजे काय? हिला माहीत आहे! तोवर हीच दोषी..."

"माझा आहे."

हे इतक्या हळू आवाजात आलं, की कोण बोललं ते कळायला वेळ लागला. वॉर्डनबाई खुर्चीतून उठल्या होत्या. त्यांनी पर्समधून जुना, कोपरा तडकलेला फोन काढला. पाठीवर जांभळा ठिपका होता.

"पोरीने मला हा असाच दिला. माझ्याकडे आहे हे कोणाला कळू देऊ नकोस, असं मीच म्हटलं होतं, आणि तीन दिवस ती माझ्यासाठी शिव्या खात बसली. मी समोर बसून शिक्के मारत होते. मला लाज वाटते त्याची." बाईंचा आवाज नेहमीच्या उंचीवर येऊ लागला. "त्या प्रसूतिगृहात व्यवस्थापिकेची जागा निघालीय. राहायला खोलीही देतात. मी अर्ज केलाय. रोज उत्तर आलंय का ते बघत होते. आज आलं. सोमवारी मुलाखत आहे."

मग एका कोपऱ्यात टाळी वाजली आणि सगळीकडे पसरली.

"नोकरी?" साहेब म्हणाले. त्यांच्या हातातला फोन अजून तसाच पुढे धरलेला होता. "इतकी वर्षं आम्ही तुम्हाला इथे ठेवून घेतलं. आम्हाला न विचारता? आमच्या नकळत तुम्ही तिथे कशासाठी जाता?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या फौजदारणीपाशी आल्या, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि फोन तिच्यासमोर धरला.

"ह्याचं नाव कसं बदलायचं ग?"

फौजदारणीने जागा दाखवली. बाईंनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, शिक्का मारावा तसं टाइप केलं. फोन बंद केला. पुन्हा चालू केला.

साहेबांच्या हातातला पडदा एकदा लुकलुकला. ‘नर्स’ गेलं आणि त्या जागी, बाकी सगळ्या फोनांसारखंच, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आलं. त्यांनी ते वाचलं, फोन खिशात टाकला आणि वर्तमानपत्र न घेताच ते निघून गेले.

वडिलांनी बॅगेची घडी घातली, नर्सला विचारलं, "कामाला उशीर नाही ना होत?"